आयसीयू, मुदतीचा आयसीयू की घर? ऐंशीपुढच्या आजारी माणसासाठी निवड करताना

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो, ऑक्सिजन खाली येतो आणि डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "व्हेंटिलेटर लागला तर लावायचा का?" बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यांच्या आयसीयूबाहेर खानापूर, निपाणी, चिकोडीकडची आणि हद्दीपलीकडून चंदगडची माणसं या प्रश्नापुढे बसलेली दिसतात. उत्तराला वेळ थोडा, त्यात पुण्याच्या मुलाला आणि मुंबईच्या मुलीला फोन लावायचे. त्या घाईत बहुतेकजण "सगळं करा" म्हणून मोकळे होतात, कारण दुसरं काही बोललं तर आपण कमी पडलो असं वाटतं.

खरं तर वाटा तीन असतात. आयसीयूत कसलीही मर्यादा न ठेवता सगळे उपचार, ही पहिली. आयसीयूच, पण काही दिवसांची मुदत ठरवून, ही दुसरी. आयसीयूत न जाता वॉर्डात किंवा घरी अँटिबायोटिक, ऑक्सिजन आणि धाप, दुखणं, घालमेल कमी करणारी औषधं, ही तिसरी. चौथीही एक आहे. आपल्याकडे तिच्यावर वर्दळ बरीच असते आणि तीच सगळ्यांत वाईट. तिच्याकडे नंतर येतो.

वय नव्हे, दोन आठवड्यांपूर्वीचा माणूस

युरोपातल्या ३११ आयसीयूंमध्ये ८० वर्षांच्या आणि त्यापुढच्या ५,००० हून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत साधारण ३३ टक्के रुग्ण दगावले. २०२० मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात ३० दिवसांनी ६१ टक्के हयात होते. म्हणजे 'ऐंशी उलटली, आता कशाला' हे बोलणं निव्वळ आकड्यांपुढेही टिकत नाही. पण दोन्ही अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली: आजारापूर्वी माणूस किती थकलेला होता यावर पुढचं बरंच काही ठरतं, निव्वळ वयावर नाही.

हे मोजायला कॅनडातल्या केनेथ रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली एक पट्टी आहे. आज तिच्या ९ पायऱ्या आहेत. पहिलीवर ठणठणीत माणूस, नववीवर शेवटच्या काही महिन्यांतला. मधल्या पायऱ्या घरच्यांनाही ओळखता येतात. पैशाचा हिशेब, गोळ्या, बाजार यांना मदत लागत असेल तर पाचवी. आंघोळीला आणि जिना चढायला माणूस लागत असेल तर सहावी. सगळंच दुसऱ्याने करावं लागत असेल तर सातवी. यात आजची अवस्था धरायची नाही, आजारी पडण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीची धरायची. आयसीयूत निपचित पडलेला माणूस बघून पायरी ठरवली तर ती हमखास चुकते.

मुलं नेमकी इथेच घसरतात. परगावच्या मुलाला गेल्या दिवाळीतले, उसाच्या फडापर्यंत चालत जाणारे आबा आठवतात. घरात राहणाऱ्या सुनेला मात्र ठाऊक असतं की श्रावणापासून ते परसापर्यंतही एकटे गेलेले नाहीत. डॉक्टरांशी बोलायला सुनेला पुढे करा.

पहिली वाट: सगळं करा

आबा पहिल्या चार पायऱ्यांतले असतील आणि आजार उलटवता येण्यासारखा असेल, तर माझ्या मते फार विचार करू नये. लघवीच्या संसर्गातून झालेलं सेप्सिस (संसर्गाने अवयव ढासळू लागणं), रक्तातलं सोडियम घसरणं, मास्कमधून श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप यंत्राने सावरणारी सीओपीडीची, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट विकाराची धाप, ही त्यातलीच. सोडियम घसरलेली आजी असंबद्ध बोलते, झोपून राहते आणि घरचे समजतात की संपलं. ती योग्य उपचारांनी काही दिवसांत ओळखीची हाक मारू शकते.

पाचवीपासून पुढे मात्र थांबून विचार करावा, कारण जास्त आयसीयूने जास्त आयुष्य मिळेलच असं हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांतही दिसलेलं नाही. फ्रान्समधल्या २४ रुग्णालयांत ७५ वर्षांपुढच्या ३,००० हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. निम्म्या रुग्णालयांनी अशा रुग्णांना आयसीयूत घेण्यावर भर दिला, बाकीच्यांनी नेहमीसारखं केलं. पहिल्या गटातले ६१ टक्के आयसीयूत गेले, दुसऱ्यातले ३४. सहा महिन्यांनी पाहिलं तर जास्त आयसीयू मिळालेल्या गटात मृत्यू कमी झालेले नव्हतेच. आणि हे रुग्ण आधीपासून खंगलेले नव्हते, हिंडतेफिरते होते. मला स्वतःला हा निष्कर्ष सगळ्यांत जड वाटतो, कारण जास्त यंत्रं म्हणजे जास्त आयुष्य हे आपण न तपासता धरून चाललेलो असतो.

जगण्यापलीकडचा हिशेबही बघावा लागतो. कॅनडात आयसीयूत गेलेल्या ऐंशीपुढच्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा ४४ टक्के दगावलेले होते आणि पूर्वीइतकं हिंडण्याफिरण्याची ताकद परत मिळालेले जेमतेम चौथा हिस्सा होते. कारण साधं आहे: पडून राहिलं की स्नायू झडतात. लंडनमधल्या मोजणीत गंभीर रुग्णांच्या मांडीचा एक स्नायू दहा दिवसांत सरासरी १७ ते १८ टक्क्यांनी बारीक झाला. आधीच काठीवर असलेल्या माणसाकडे तेवढं घालवायला शिल्लक नसतं. दुसरं नुकसान डोक्याचं. आयसीयूतला भ्रम, म्हणजे नळ्या ओढणं, 'मला घरी न्या' म्हणून ओरडणं, गेलेल्या माणसांशी बोलणं. तो जितके दिवस टिकतो तितकी वर्षभरानंतरची स्मरणशक्ती खालावलेली आढळते.

दोन्ही नुकसानं पूर्ण नशिबाची नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना गुंगीतून रोज जागं करून लगेच हालचाल सुरू केली, तर दवाखान्यातून बाहेर पडताना स्वतःचं स्वतः करण्याइतके झालेले ५९ टक्के निघाले, नेहमीच्या पद्धतीत ३५. अमेरिकेतली ही चाचणी २००९ ची. म्हणून आयसीयू निवडताना खोल्यांच्या चकचकाटापेक्षा फिजिओथेरपिस्ट रोज येतो का, गुंगीचं औषध रोज थांबवून बघतात का, हे विचारा. भेटीची वेळ किती, हेही विचारा. आजीला कन्नड येत नसेल आणि रात्रपाळीच्या नर्सला मराठी, तर दिवसातून दोनदा घरचा आवाज, तिचा चष्मा, कानातलं यंत्र यांना औषधाइतकी किंमत आहे. वॉर्डातल्या सत्तरीपुढच्या रुग्णांवर अशाच साध्या उपायांनी भ्रमाचं प्रमाण १५ वरून सुमारे १० टक्क्यांवर आल्याचं १९९९ मध्येच दिसलं होतं.

दुसरी वाट: मुदत ठरवून

पाचव्या-सहाव्या पायरीवरच्या माणसासाठी मी हीच निवडेन. डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं: तीन किंवा पाच दिवस पूर्ण उपचार, काय सुधारलं पाहिजे (ऑक्सिजनची गरज, लघवी, शुद्धीवर असणं) आणि न सुधारल्यास पुढे काय वाढवायचं नाही. लॉस एंजेलिसमधल्या तीन रुग्णालयांनी ही पद्धत राबवली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण आयसीयूतला मुक्काम कमी झाला आणि टोचण्या-नळ्याही कमी झाल्या. अर्थात हे त्यांच्याकडचं. आपल्याकडे अडचण वेगळी आहे, सोमवारी ठरलेलं गुरुवारच्या डॉक्टरला माहीत नसतं. म्हणून केसपेपरवर लिहून घ्या आणि घरातला एकच माणूस बोलेल असं ठरवा.

मुदत संपल्यावर यंत्राधार 'काढून घेणं' हा शब्द अनेकांना भिववतो. कायद्याची बाजू आता बरीच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. सुधारणेची आशा नसलेल्या रुग्णाचे यंत्राधार थांबवायचे तर डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. कर्नाटक सरकारने ३० जानेवारी २०२५ रोजी त्यासाठी आदेश काढला. आबांनी आधीच उपचारांविषयीचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) करून ठेवलं असेल तर ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे केलेलं चालतं. आबा धडधाकट असतानाच ते करून ठेवणं सगळ्यांत बरं, नंतर भाऊ-भाऊ भांडत नाहीत.

तिसरी वाट: वॉर्ड किंवा घर

सातव्या पायरीपासून पुढे, किंवा बरा न होणारा कॅन्सर, शेवटच्या टप्प्यातलं विस्मरण असेल तर ही वाट. 'काही न करणं' म्हणून तिची हेटाळणी करू नये. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरच्या २०१० च्या अमेरिकी चाचणीत ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून त्रास कमी करणारी (पॅलिएटिव्ह) सेवाही मिळाली, ते जास्त बरे राहिले आणि जगलेही जास्त: ११.६ महिने, बाकीचे ८.९. त्या रुग्णांच्या पाठीशी सेवा होती, हे विसरू नका. म्हणून घरी नेण्यापूर्वी धापेसाठीच्या मॉर्फिनची चिठ्ठी आणि औषध दोन्ही हातात हवं, कारण ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. खानापूरच्या पावसात लाईट जाते, तेव्हा ऑक्सिजनच्या यंत्राबरोबर भरलेला सिलिंडर हवा. हवेची गादी हवी, दर दोन तासांनी कूस बदलायला दोन माणसं हवीत आणि रात्री दोनला फोन उचलणारा एक डॉक्टर. हे जुळत नसेल तर वॉर्डच बरा.

आता ती चौथी वाट: पैसे संपले म्हणून 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही करून नेणं. यात आयसीयूचं सगळं दुखणं भोगून होतं आणि घरी धापेला औषधही नसतं. खिशाचा अंदाज पहिल्याच दिवशी सांगितला तर डॉक्टर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेची आखणी करू शकतात. ते सांगण्यात कमीपणा नाही.

पैशांत हद्द आडवी येतेच. आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि २०२४ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी उत्पन्नाची अट काढली. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. त्यामुळे निपाणीहून कोल्हापूर जवळ असलं तरी निघण्याआधी त्या दवाखान्याच्या योजना कक्षाला फोन करून दोन गोष्टी विचारा: आमचं हे कार्ड चालतं का, आणि व्हेंटिलेटरचे दिवस त्यात धरले जातात का.