एमजीबी जीटीचे टायर: १६५ ठेवू, १८५ टाकू की थेट १९५?

जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घरी आली की पहिली खाज सुटते ती रुंद टायरची. मलाही सुटली होती. माझी ७२ ची जीटी, म्हणजे पक्क्या छपराचं मॉडेल, रोस्टाइल नावाची पोलादी व्हील, १४ इंचाची ५ इंच रुंद रिम, त्यावर मूळ साइझ १६५, म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. मागून बघितलं तर चाकं त्यांच्यावरच्या पत्र्याच्या कमानीत इतकी आत दिसतात की वाटतं गाडीने थोरल्या भावाचा शर्ट घातलाय.

१६५ ला नावं ठेवण्याआधी एक लक्षात घ्या, या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. बारीक टायरवर पार्किंग करताना हात दुखत नाहीत, पावसात (आणि इंग्लंडात पाऊस म्हणजे रोजचाच) बारीक टायर पाणी कापत जातो, रुंद टायर त्यावर तरंगायला जास्त लवकर लागतो. मागचं टोक सुटतं लवकर हे खरं, पण सांगून सुटतं, मजा त्यातच आहे. अडचण पैशाची, या साइझचे चांगले क्लासिक टायर, म्हणजे पिरेलीचे चिंतुराटो वगैरे, महाग पडतात. मग लोक त्याच साइझचे व्हॅनचे टायर टाकतात आणि गाडी बैलगाडीसारखी चालते म्हणून रडतात.

१८५/७० चा (७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के) हिशोब सोपा. १६५ चा व्यास अंदाजे ६२५ मिमी, याचा ६१५, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास जागेवरच राहतो. ५ इंची रिमवर नीट बसतो, म्हणजे व्हीलचा खर्च शून्य. वळणावर आणि ब्रेकला पकड वाढलेली कळते, स्टीअरिंग किंचित जड, चालतंय.

आता १९५/६०. दिसायला एकदम कडक, खोटं कशाला बोलू. पण १४ इंचात घेतला तर व्यास ५९० वर येतो, स्पीडोमीटर जवळपास सहा टक्के जास्त दाखवतो, मोटरवेवर ताशी ७० मैलाला इंजिन दोनशेच्या आसपास आरपीएम जास्त फिरतं आणि आधीच जमिनीला टेकलेली गाडी अजून १७-१८ मिमी खाली. शिवाय त्याला निदान साडेपाच इंच रिम लागते म्हणजे व्हील नवीन. मी सेकंडहँड ६ इंची अलॉय घेतली, विकणारा म्हणाला डोळे झाकून बसतील, बसली पण! पहिल्याच रविवारी मागे दोघं बसले आणि स्पीड ब्रेकरवर डाव्या बाजूने घर्रर्र. घरी येऊन बघतो तर टायरच्या बाहेरच्या कडेला बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा, कमानीच्या आतल्या पत्र्याच्या घडीवर रबराची काळी भुकटी, आणि वास असा की बायकोने विचारलं काय जळलं. एमजीबीमध्ये मागे डावीकडे जागा बऱ्याचदा उजवीपेक्षा कमी असते, हे मला नंतर कळलं.

कुणी म्हणेल १५ इंचात १९५/६० घे, व्यासाचा प्रश्न मिटतो. मिटतो, पण रबराची भिंत १८५/७० पेक्षा बुटकीच राहते, आणि त्या जुन्या लिव्हर आर्म शॉक ॲब्सॉर्बरवर प्रत्येक खड्डा थेट कंबरेत येतो. बरं, एवढी पकड वापरणार कशासाठी? १८०० सीसी, ९५ हॉर्सपॉवर, नवी असतानासुद्धा.

वायर व्हीलवाल्यांचं (तारांच्या स्पोकची चाकं) वेगळं आहे, त्यांचं हब स्प्लाइनवालं, म्हणजे दातेरी खाचांचं, साधं अलॉय तसंच चढत नाही, आणि मूळ स्पोकच्या रिमला आत ट्यूब लागते. त्यांनी १६५ वरच सुखात राहावं.

माझं मत १८५/७०, मीही आता त्याच्यावरच आहे, अलॉय शेडमध्ये पडलीत. फक्त टायर घेताना कडेवरचा चार आकडी नंबर वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, असा जुना माल कितीही रुंद असला तरी दगडच. आणि १८५ सुद्धा आधी एकच घेऊन डावीकडे मागे चढवा, दोन जाडी माणसं मागे बसवा, कमान आणि टायरमध्ये बोट जातंय का बघा, मग उरलेले तीन मागवा.