आईच्या आयोडीनच्या डोसचं पाणी कुठं गेलं?

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आईला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचा (म्हणजे किरणं सोडणाऱ्या आयोडीनचा) डोस द्यायला कोल्हापुरातल्याच एका दवाखान्यात तीन दिवस ठेवलं होतं. उपचार उत्तम झाले. पण मी लिहितेय ते तिथल्या कचऱ्याबद्दल, कारण मला धास्ती त्याचीच होती. या डोसमधलं बरंचसं आयोडीन पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. आम्ही शुक्रवार पेठेतली माणसं. जयंती नाल्यातून पंचगंगेत काय काय जातं ते लहानपणापासून बघतोय. म्हणून गेल्या गेल्या विचारलं, हे पाणी जातं कुठं?

तिथल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरनी अजिबात कंटाळा न करता सांगितलं. त्या खोलीतल्या संडासाची लाइन ड्रेनेजला थेट जोडलेलीच नाही, ती दोन बंद टाक्यांत जाते. एक भरली की तिचा व्हॉल्व्ह बंद करून दुसरी सुरू करतात. डोसमधलं हे आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे 80 दिवसांत हजारातला एक भागही उरत नाही. पाण्यातली किरणं मापून ती अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेत आली की मगच पाणी सोडतात.

आईनं घरचा तांब्या आणला होता. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तांब्या आत गेला तर तुमच्यासंगं परत येणार नाही." आईनं मुकाट्यानं तो माझ्या हातात दिला. ताटं कागदाचीच. उष्टं, चादरी, हातमोजे सगळं पिशवीत बांधून, तारीख घालून शिशाचा पत्रा मारलेल्या दाराआड. दारातूनच एक पिशवी बघितली. चिठ्ठीवर तारीख आणि किरणं मोजणाऱ्या मीटरचा आकडा, त्याखाली पुढची तारीख आणि कितीतरी कमी झालेला आकडा. मीटर आसपासच्या हवेत दाखवतो तेवढंच पिशवीजवळ दाखवू लागला, की ती नेहमीच्या दवाखान्याच्या कचऱ्यात. ती चिठ्ठी बघून माझ्या जिवात जीव आला.

तक्रार एकच, पण मोठी. घरी जाताना दिलेला सूचनांचा कागद निव्वळ इंग्रजीत. आईचे वापरलेले टिश्यू घंटागाडीत टाकायचे नाहीत, वेगळ्या पिशवीत बांधून सांगितलेले दिवस संपेपर्यंत ठेवायचे, हे मी खोदून विचारलं म्हणून कळलं. खेड्यातनं एकटी आलेली बाई हे कुणाला विचारणार? टाक्यांवर एवढा खर्च करता, तर मराठी कागदाला कितीसा लागतो? तो छापा, मी पाच स्टार देईन. आज चार.