परदेशात असतानाच पुढच्या देशाचा व्हिसा: तिथूनच काढायचा की कोल्हापूरला परतून?

शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला प्रदर्शनासाठी बँकॉकला गेलाय आणि तिथे भेटलेला ग्राहक म्हणतो, ‘आलाच आहात तर पुढच्या आठवड्यात व्हिएतनामच्या हो ची मिन्हला आमचा कारखाना बघून जा.’ किंवा राजारामपुरीतलं जोडपं दुबईत मुलीकडे राहायला आलंय आणि अचानक सगळ्यांनी मिळून अझरबैजानच्या राजधानीला, बाकूला, जायचं ठरतंय. अशा वेळी ‘लवकर कुठला व्हिसा मिळेल?’ असं सगळे विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: व्हिसा काढताना पासपोर्ट आपल्याजवळ राहणार की जमा करावा लागणार? पासपोर्ट जमा झाला की परतीचं विमानही गाठता येत नाही, आणि घाईच्या प्रवासात हाच धोका सगळ्यात मोठा.

पासपोर्ट हातात राहतो ते मार्ग

सगळ्यात सोपा देश तो, जिथे व्हिसाच लागत नाही. भारतीय पासपोर्टवर मलेशिया ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवस आणि कझाकस्तान १४ दिवस व्हिसाशिवाय येऊ देतो. पण ‘व्हिसा नाही’ म्हणजे ‘काहीच नाही’ असं नव्हे. मलेशियासाठी पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. हाँगकाँगला १४ दिवस राहता येतं, पण आधी ऑनलाइन नोंदणी करून तिची पावती छापून न्यावी लागते. ही नोंदणी नसेल तर विमानात बसूच देत नाहीत.

त्यानंतर व्हिसा ऑन अरायव्हल, म्हणजे तिथल्या विमानतळावर उतरल्यावर मिळणारा व्हिसा. इंडोनेशियाचं उदाहरण घ्या: ५ लाख रुपिया भरून ३० दिवस मिळतात आणि पुढे एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतात. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा आणि परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवावं लागतं. हाच व्हिसा ऑनलाइनही निघतो, आणि घाईतही ऑनलाइनच काढावा. कारण विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस टिमॅटिक नावाच्या प्रणालीत नियम बघून बोर्डिंग पास देतो. ‘तिथे उतरल्यावर घेतो’ हे त्याला समजावत बसण्यापेक्षा हातात पीडीएफ असलेली बरी.

कामासाठी अचानक निघणाऱ्याला खरा उपयोग ई-व्हिसाचा, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करून मिळणाऱ्या व्हिसाचा. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा असतो: एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०. तो मिळायला तीन कामाचे दिवस सांगतात आणि लोकांची गल्लत इथेच होते. गुरुवारी संध्याकाळी अर्ज केला तर शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. म्हणजे बुधवारच्या आधीचं विमान धरायचं नाही, आणि त्यांच्या चांद्र नववर्षाच्या सुट्ट्या मध्ये आल्या तर हा हिशेबच बाद. अझरबैजानचा साधा ई-व्हिसाही तीन कामाच्या दिवसांचाच, पण जादा पैसे भरून तीन तासांत मिळणाराही आहे. दुबईतून बाकूला जाणाऱ्यांना तो फार सोयीचा.

ई-व्हिसा अडतो तो बहुतेक वेळा भरणाऱ्याच्या चुकीमुळे. आपल्याकडे पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. फॉर्ममध्ये मधलं नाव गाळलं की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत. पासपोर्ट क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि सात अंक. त्या अंकांत शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झाला की संपलं. पासपोर्टचा फोटो अपलोड करताना खालच्या बाणांच्या चिन्हांच्या दोन ओळी पूर्ण दिसायला हव्यात. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमक्या त्याच कापल्या जातात. व्हिएतनामच्या फॉर्ममध्ये प्रवेशाची तारीख आणि विमानतळही निवडायचा असतो. त्या तारखेच्या आधी उतरलात तर आत घेत नाहीत. चूक झाली तर बहुधा नवा अर्ज आणि पुन्हा २५ डॉलर.

संकेतस्थळ मात्र सरकारीच उघडा. व्हिएतनाम, तुर्की आणि अझरबैजान तिघांचेही पत्ते ‘ईव्हिसा डॉट गव्ह’ने सुरू होतात आणि शेवटी देशाची दोन अक्षरं येतात. शोधल्यावर सर्वांत वर दिसणारी बरीच पानं दलालांची असतात. तीच फी दुप्पट-तिप्पट करून घेतात.

दुसऱ्या व्हिसाच्या जोरावर

काही देश तुमच्याकडचा मोठ्या देशाचा चालू व्हिसा बघून दार उघडतात. तुर्कीचा ई-व्हिसा भारतीयांना शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा), अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडच्या चालू व्हिसावर मिळतो, पण तो आधाराचा व्हिसा ई-व्हिसा असून चालत नाही. दुबईत घोटाळा वेगळाच होतो. तिथे रेसिडेन्सीवर, म्हणजे वास्तव्याच्या परवान्यावर, राहणारा भाचा जॉर्जियाला व्हिसाशिवाय जातो. त्याच्याकडे पाहुणा आलेला मामा जाऊ शकत नाही, कारण मामाच्या हातात नुसता टुरिस्ट व्हिसा आहे. तिकीटं एकत्र काढायच्या आधी प्रत्येकाचा कागद वेगळा तपासा.

पासपोर्ट जमा करावा लागतो तेव्हा

शेंगेनचा नियम स्पष्ट आहे: अर्ज आपण कायम राहतो त्या देशात करायचा. पाहुणा म्हणून गेलेल्या देशातून अर्ज करायला पटण्याजोगं कारण लेखी द्यावं लागतं, आणि ‘वेळ नव्हता’ हे तसं कारण नाही. निकालाला साधारण १५ दिवस, गरज पडली तर ४५. फी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोचा. तेव्हा थायलंड-दुबईच्या फेरीत शेंगेनच्या नादी लागू नये. अमेरिकेनेही सप्टेंबर २०२५ पासून अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी असं सांगितलंय.

ब्रिटनचं तसं नाही. भेटीच्या व्हिसाचा अर्ज कुठल्याही देशातून करता येतो. निकाल साधारण तीन आठवड्यांत. ५०० पौंड जादा भरले तर बायोमेट्रिकनंतर (बोटांचे ठसे आणि फोटो दिल्यावर) पाच कामाचे दिवस, आणि १,००० पौंड भरले तर पुढच्या कामाच्या दिवसाअखेर. ही सोय प्रत्येक केंद्रात नसते. जादा पैशांनी फाइल पुढे सरकते, मंजुरी विकत मिळत नाही; नकार आला तरी पैसे गेले. इथे आपल्याकडच्या कागदांचा प्रश्न येतो. पतसंस्थेचं मराठी पासबुक आणि सातबारा तसेच्या तसे चालत नाहीत, त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते दुबईत बसून जमवणं कठीण. सीएकडून तीन वर्षांचे आयटीआर, बँकेचं शिक्क्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि उद्यम नोंदणीची प्रत निघायच्या आधीच स्कॅन करून मेलवर ठेवली, तर हा मार्ग खुला राहतो.

आमचं स्पष्ट मत: हातात आठवडा असेल तर ई-व्हिसाच्याच देशाचा विचार करा. पंधरा दिवस एकाच शहरात मुक्काम असेल, कागद तयार असतील आणि जादा पैसे भरायची तयारी असेल तर ब्रिटन. युरोप-अमेरिकेसाठी मात्र कोल्हापूरला परता आणि पुणे किंवा मुंबईची अपॉइंटमेंट घ्या. पुणे रस्त्याने सुमारे २३० किलोमीटर. एक दिवस मोडेल, पण परदेशातला नकार पुढच्या बऱ्याच अर्जांत लिहावा लागतो.

पैसे भरताना आणि परतताना

ऑनलाइन फी भरताना भारतीय कार्ड दोन कारणांनी अडतं: आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो, किंवा तिथलं सिम घातल्यामुळे ओटीपी येत नाही. भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवा.

आणि परतीचा रस्ता. दुबईचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा बाकूला निघालात की संपतो. बाकूहून दुबईमार्गे मुंबईचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर विमानतळाच्या आतूनच विमान बदलता येतं. स्वस्त मिळाली म्हणून दोन वेगळी तिकीटं काढलीत, तर बॅग घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, त्यासाठी नवा व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर बाकूच्या काउंटरवरच अडवतात.