देवनागरी अक्षरांत छायाचित्र भरण्यासाठी गिम्प ३.०

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, पर्यटनाची जाहिरात किंवा स्नेहसंमेलनाची पत्रिका करताना एखाद्या ठळक शब्दाच्या आत छायाचित्र भरण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. फोटोशॉपमध्ये हे काम क्लिपिंग मास्कने (वरचे चित्र खालच्या आकारापुरतेच दाखवणाऱ्या सोयीने) क्षणात होते, मात्र त्यासाठी वर्गणी मोजावी लागते. मार्च २०२५ मध्ये आलेली गिम्प या चित्रसंपादन प्रणालीची ३.० आवृत्ती विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे, आणि केवळ या एका कामापुरते बोलायचे तर ती फोटोशॉपच्या बरीच जवळ पोहोचते. अडचण एवढीच की, या कामाची योग्य वाट मेनूत सहज सापडत नाही.

बहुतेक ठिकाणी शिकवली जाणारी रीत अशी आहे: मजकुराच्या लेयरवरून (चित्रातील एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकावरून) ‘अल्फा टू सिलेक्शन’ने अक्षरांचा आकार निवडून घ्यायचा आणि त्या आकारात छायाचित्र कापायचे. परिणाम चांगला दिसतो, पण छायाचित्राचा मजकुराशी संबंध तेथेच तुटतो; नंतर एखादा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा किंवा फाँट बदलायचा म्हटले, तर सारे पहिल्यापासून करावे लागते. मुद्रितशोधन शेवटच्या क्षणापर्यंत चालणाऱ्या मराठी प्रकाशन व्यवहारात ही रीत गैरसोयीचीच म्हणावी लागेल. त्यापेक्षा मजकूर आणि छायाचित्र हे दोन्ही लेयर एका लेयर ग्रुपमध्ये ठेवावेत, छायाचित्र वर असावे, आणि त्याच्यावर उजवी क्लिक करून ‘कंपोझिट मोड’मधून ‘क्लिप टू बॅकड्रॉप’ निवडावे. छायाचित्र तत्काळ अक्षरांपुरते मर्यादित होते, शब्द टंकून बदलता येतो आणि चित्रही अक्षरांच्या आत हवे तसे सरकवता येते. ही सोय २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तरीही ती इतक्या आडबाजूला ठेवण्याचे कारण समजत नाही.

देवनागरीच्या बाबतीत गिम्पची कामगिरी समाधानकारक आहे. मजकुराची मांडणी पँगो आणि हार्फबझ या अक्षरजुळणीच्या तयार संगणकीय लायब्ररींमार्फत होत असल्याने जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या कोणतीही वेगळी सेटिंग न करता योग्य जागी बसतात. खरा प्रश्न फाँटच्या निवडीचा असतो. सडपातळ अक्षरांत छायाचित्राचे केवळ तुकडे दिसतात, म्हणून या कामासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ हा फाँट मला सर्वांत योग्य वाटतो. त्याची अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत की, आतल्या पोकळ्या जेमतेम रेघेएवढ्या उरतात आणि चित्राला भरपूर जागा मिळते. मजकूर थोडा गंभीर असेल, तर त्याच संस्थेच्या ‘बलू २’ची एक्स्ट्राबोल्ड जाडी वापरावी. दोन्ही फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतात.

रोमन शब्दात प्रत्येक अक्षर सुटे असल्याने चित्रही तुटक दिसते. आपल्याकडे शिरोरेषा त्याला सलग बांधून ठेवते. ‘कोकण’ या शब्दात समुद्राचे छायाचित्र भरताना क्षितिज शिरोरेषेच्या किंचित खाली आणले, तर मात्रेत आणि शिरोरेषेत आकाश, तर अक्षरांच्या पोटात पाणी अशी सुंदर विभागणी होते. तेच क्षितिज नेमके शिरोरेषेवर आले, तर ते तिच्यात हरवून जाते. अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याने शिरोरेषाच तुटते.

अक्षरांना किनार देण्याची सोय ३.० मध्ये टेक्स्ट टूलमध्येच आली आहे. परंतु वर सांगितलेल्या रचनेत छायाचित्र त्या किनारीवरही पसरते, म्हणून मजकुराच्या लेयरची प्रत काढून ती ग्रुपच्या वर ठेवावी आणि तिला फक्त किनार द्यावी. शब्द बदलल्यास दोन्ही प्रती बदलाव्या लागतात, ही त्यातली कटकट. ‘ड्रॉप शॅडो’चेही तसेच आहे: ती मजकुराच्या लेयरला न देता संपूर्ण ग्रुपला द्यावी, अन्यथा सावलीतही समुद्र दिसू लागतो. नव्या आवृत्तीत असे फिल्टर मूळ चित्राला धक्का न लावता राहतात आणि केव्हाही बदलता येतात. माझ्या मते जुन्या वापरकर्त्यांनी ३.० घेण्यास हे एकच कारण पुरेसे आहे.

उणिवाही आहेत. मजकुराच्या लेयरवर ब्रश फिरवला किंवा तो तिरका केला, तर पुढे शब्द बदलताना हे सारे बदल पुसले जातात. गिम्प तशी सूचना देते आणि हवे तर त्याच मजकुराचा नवा लेयर करून देते, पण केलेले बदल त्यात येत नाहीत. छपाईसाठी लागणाऱ्या सीएमवायके (निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंच्या) रंगांत थेट काम करता येत नाही. त्या रंगांत रूपांतर केलेली टिफ किंवा जेपेग फाइल काढता येते, तेवढ्यावर समाधान मानावे लागते. ज्यांना इन्स्टॉल करण्याचाच कंटाळा आहे त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी आहे. त्यात फोटोशॉपसारखाच क्लिपिंग मास्क मिळतो, मात्र सोबत जाहिराती सहन कराव्या लागतात.

ए-४ आकाराच्या छपाईसाठी काम सुरू करतानाच २४८० × ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास घ्यावा आणि छायाचित्रही शब्दाच्या रुंदीला पुरेल एवढे मोठे असावे. छापखान्यात फाइल देताना मूळ एक्ससीएफ (गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपातील, लेयर जपणारी) प्रत आपल्याकडे ठेवून टिफ पाठवावी.