पापार्पण म्हणायचं की शुद्धीचं अर्पण?

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या ४थ्या अध्यायातलं 'हत्तात' हे हिब्रू नावाचं अर्पण मराठीत पापार्पण होतं, आणि आपण लहानपणापासून तसंच ऐकलंय: मी चूक केली, माझ्याऐवजी प्राणी मेला, हिशोब मिटला. हे वाचन सोपं आहे, आणि चूक नाहीच, कारण त्याच अध्यायात परत परत येतं की याजक प्रायश्चित्त करील आणि त्याला क्षमा होईल.

पण मग १२वा अध्याय वाचा ना. बाळंतीण बाई, मुलगा झाला तर ४० दिवसांनी, मुलगी झाली तर ८० दिवसांनी हेच अर्पण आणते, आता मूल होणं हे काय पाप आहे का? लूकच्या शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायात येशूची आई मरीयासुद्धा गरिबांना चालणारी पक्ष्यांची जोडी घेऊन येते. इथे पहिलं वाचन अडखळतं. जेकब मिलग्रोम या यहुदी अभ्यासकाने म्हणूनच शुद्धीचं अर्पण म्हणा असं मांडलं, कारण रक्त लावतात ते वेदीच्या शिंगांना, म्हणजे तिच्या कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना, अर्पण आणणाऱ्या माणसाला नाही, म्हणजे धुतलं जातं ते देवाचं घर.

मला दुसरं जास्त पटतं. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ९व्या अध्यायात ख्रिस्ताचं रक्त आपला विवेक शुद्ध करतं असं आहे, फक्त शिक्षा टळली असं नाही, आणि माफी मिळूनही आतून मळकं वाटत राहणाऱ्या माणसाला शुद्धी हाच शब्द लागतो हो. पहिलं सोडा असं मी म्हणत नाही, पण बाळंतिणीला पापी ठरवणारं प्रवचन तरी बंद करा.