शूर तरुणींच्या सत्यकथांचा संच: सात महिन्यांच्या वाचनानंतर

शूर तरुणींच्या सत्यकथांचा हा तीन भागांचा संच मी डिसेंबरमध्ये परभणीतील एका ग्रंथप्रदर्शनातून सवलतीत ५४० रुपयांना घेतला आणि शाळा सुरू असेल त्या प्रत्येक शनिवारी आठवीच्या मुलींना त्यातील एक कथा वाचून दाखवत आले. आज लिहायला बसण्याचे कारण असे, की गेल्या आठवड्यात दुसऱ्या भागाची सोळा पाने एकामागून एक सुटून हातात आली. पुस्तके उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीतील कपाटात होती, हे मान्य. परंतु मराठवाड्यात विकायचे पुस्तक शिलाईशिवाय नुसते चिकटवून बांधले, तर ते मे महिना काढणार नाही, हे प्रकाशकाला कळायला हवे होते. 'जास्त हाताळल्यामुळे असे झाले' असे सांगून त्यांनी फोनवर बदलून देण्यास नकार दिला. मुलांसाठी काढलेले पुस्तक हाताळले जाणार नाही, तर काय होणार? शेवटी गावातील बाइंडरकडून ८० रुपयांत ते शिवून, पुठ्ठा घालून घेतले.

माझा खरा आक्षेप अशा दुरुस्तीने मिटणारा नाही. या संचातील एकाही कथेत त्या मुलीचे वय दिलेले नाही. 'वीरांगना', 'रणरागिणी' ही विशेषणे पानोपानी आहेत, घटनेचे वर्षही आहे. वय मात्र कुठेच नाही. १४ डिसेंबर १९३१ रोजी तेव्हाच्या बंगालमधील कोमिल्ल्याचा ब्रिटिश जिल्हाधिकारी स्टीव्हन्स याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या शांती घोष आणि सुनीती चौधरी यांच्या चित्रात दोन प्रौढ स्त्रिया दाखवल्या आहेत. प्रत्यक्षात शांती १५ वर्षांची होती आणि सुनीती १४. पोहण्याच्या स्पर्धेसाठी परवानगी हवी, असे सांगून त्या शाळकरी मुली त्याच्या बंगल्यात गेल्या होत्या. ही कथा संपल्यावर वर्गातून पहिला प्रश्न आला, "बाई, त्या किती वर्षांच्या होत्या?" उत्तर ऐकल्यावर वर्ग बराच वेळ शांत होता.

त्यानंतर मी प्रत्येकीचे जन्मवर्ष शोधून शीर्षकाखाली पेन्सिलीने वय लिहू लागले. ईशान्येत ब्रिटिशांविरुद्ध लढणारी नागा नेता राणी गाइदिनल्यू १९३२ मध्ये पकडली गेली तेव्हा १७ वर्षांची होती आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत ती तुरुंगातच राहिली. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती. हा आकडा मला इतका महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या वर्गातील मुलीही १४ वर्षांच्याच आहेत. घरी लग्नाचा विषय निघाला की त्या 'मोठ्या झाल्या' ठरतात आणि बाहेरगावच्या स्पर्धेला जायचे म्हटले की त्याच 'अजून लहान' असतात. मुक्ताने त्या वयात आपल्या समाजाला धर्माचे पुस्तक तरी कोणते, असा प्रश्न छापून विचारला, हे त्यांना कळायलाच हवे.

एका बाबतीत मात्र माझे मत बदलले. परदेशी कथांचा तिसरा भाग केवळ संख्या वाढवण्यासाठी आहे, असे मी सुरुवातीला समजत होते. प्रत्यक्षात पुन्हा वाचायची सर्वाधिक मागणी त्यातील क्लॉडेट कॉल्विनच्या कथेला आली. २ मार्च १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी येथे शाळेतून घरी परतणाऱ्या या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला आणि तिला अटक झाली. त्याच शहरात बसमधील जागा न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाल्याची प्रसिद्ध घटना त्यानंतर नऊ महिन्यांनी घडली. आमच्या निम्म्या मुली रोज एस.टी.ने येतात. बसमधील जागेचे भांडण त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

भाषा सोपी आहे, छपाई ठीक आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एकही स्त्री या संचात नसावी, याचे मात्र दुःख वाटते. निजामी राजवटीविरुद्ध लढलेल्या जालना भागातील दगडाबाई शेळके यांच्यासाठी तिसऱ्या भागाच्या शेवटी कोरी सोडलेली चार पाने सहज पुरली असती.

पुढील आवृत्ती शिवलेल्या बांधणीची आणि वयासह निघाली, तर शाळेसाठी दुसरा संच मी स्वतःच्या पैशाने घेईन. येत्या शनिवारी १९४२ मध्ये आसामात गोहपूर ठाण्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्या कनकलता बरुआची कथा आहे. शीर्षकाखाली '१७' लिहून ठेवले आहे.