हिरागाना-काताकाना: वहीत गिरवावं की कार्डांवर ओळखावं?

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या, प्रत्येकी 46 मूळ अक्षरं. ती वहीत गिरवून बसवायची की फोनवरच्या कार्डांवर नुसती ओळखायला शिकायची? अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व या तक्त्याच्या क्रमावर बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासाचा ठसा आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो फारसा पाठ करावा लागत नाही. खरी झटापट आकारांशी असते.

वेगात कार्डं पुढे आहेत, यात वाद नाही. बसमध्ये, रांगेत, कुठेही उजळणी होते आणि चुकलेलं अक्षर लवकर परत समोर येतं. शिवाय जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत, अगदी एन5 या सर्वात सोप्या पातळीवरही, पर्याय निवडायचे असतात, हाताने एकही अक्षर लिहावं लागत नाही. परीक्षा तोंडावर आली असेल तर कार्डं घ्यावीत, असं कोणी म्हणालं तर मी अडवणार नाही.

पण काताकानातली एक कटकट कार्डांनी सुटत नाही: ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘न्’ आणि ‘सो’. छापलेल्या रूपात या जोड्या जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण फरक रेघ कुठून सुरू होते यात आहे. ‘शि’च्या दोन छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक, आडव्या कलाच्या, तिसरी खालून डावीकडून वर उजवीकडे जाते. ‘त्सु’च्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी, उभ्या कलाच्या, तिसरी वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरते. ‘न्’ आणि ‘सो’ यांचंही तसंच, फक्त छोटी रेघ एकच. कार्डावर डोळा एकाच फॉन्टच्या छबीला सरावतो. मग दुकानाच्या पाटीवर हाताने लिहिलेला ‘शात्सु’, म्हणजे शर्ट, समोर आला की गाडी अडते, कारण त्या एका शब्दात दोन्ही अक्षरं आहेत. हाताला दिशा ठाऊक असली की हा गोंधळ राहत नाही, निदान माझा तरी राहिला नाही.

वहीसाठी खास काही आणावं लागत नाही. गणिताची चौकटींची वही घ्या आणि चार चौकटी मिळून एका अक्षराचं घर धरा. मधली फुली आपोआप मिळते आणि अक्षर कुठे कलतंय ते दिसतं. हिरागानातला ‘हो’ लिहिताना उजवीकडची उभी रेघ वरच्या आडव्या रेघेच्या वर डोकावू देऊ नका. ‘नु’ला शेवटी गाठ असते, ‘मे’ला नसते. छापील ‘कि’मध्ये तिसरी आणि चौथी रेघ बऱ्याचदा जोडलेली असते, हाताने लिहिताना ती तोडतात, म्हणून नमुना हस्ताक्षराच्या वळणाचा घ्यावा.

वहीतही फसगत होतेच. पानभर एकच अक्षर काढलं की हात चालतो आणि डोकं झोपतं. शेवटची अक्षरं शेजारच्याची नक्कल होऊन बसतात. तीनदा काढा, झाका, चौथं आठवून काढा, मग पुढच्या अक्षराकडे वळा.

कार्डं सोडवत नसतील तर निदान काताकानासाठी ती उलटी लावावीत: पुढे उच्चार ठेवायचा, अक्षर कागदावर काढायचं आणि मगच कार्ड पलटायचं.